अँब्रोज चिठ्ठी बदलत नाही

चिठ्ठ्यांच्या दिवशी हॅगरलॉतली एकही बायको नवऱ्याशी बोलत नसे. तो घराबाहेर पडेपर्यंत विस्तव ढवळायची सळई उलटी टांगायची, मांजराला कोळशाच्या खोलीत कोंडायचं आणि त्याच्या मागे दार लावताना तोंडातून ब्र काढायचा नाही, कारण बोललेला शब्द टोपीत जाऊन बसतो अशी समजूत होती. वर्षातून चारदा हे चाले. कोळसा तोडणाऱ्यांची नावं एका टोपीत, खालच्या जागांचे आकडे दुसऱ्या टोपीत. युनियनचा चिटणीस दोन्हींतून एकेक चिठ्ठी काढी आणि पुढचे तीन महिने कोण कुठे खपणार ते ठरून जाई. कुणाला पुरुषभर उंचीचा कोरडा थर मिळे, तर कुणाला दीड हात उंचीची चीर, जिथे कुशीवर पडून, कानात पाणी जात असताना टिकाव मारायचा. तिथे मॅनेजरचा वशिला चालत नसे की पाद्र्याचा. डरहॅम परगण्यातल्या खाणकऱ्यांचा राजाराणीवर नसेल एवढा भरवसा त्या दोन कळकट टोप्यांवर होता.

मिळालेली चिठ्ठी आपसात बदलून घ्यायला मात्र मुभा होती. एखाद्याचा गुडघा धरलेला असे, एखाद्याला भावाशेजारी काम हवं असे. दोघं राजी असले की चिटणीस यादीत खाडाखोड करी. सगळेच कधी ना कधी बदलत. अँब्रोज गार्थवेट बदलत नसे. तो सोळा वर्षांचा असल्यापासून टोपीत त्याचं नाव होतं आणि टोपीनेही त्याच्यावर जणू डूख धरला होता. लागोपाठ पाच तिमाह्या त्याला पाण्यातल्या जागा आल्या, तेव्हा लोक म्हणाले, आता याला कल्ले फुटतील. एका भल्या माणसाने स्वतःहून कोरडी जागा देऊ केली. अँब्रोजने आभार मानले आणि ओले मोजे पिळत पुन्हा पाण्यात गेला. पुढे पुढे त्याला विचारणंच लोकांनी सोडून दिलं.

याचं कारण गावाला माहीत होतं. कारण त्याच्या घरातलं होतं.

गार्थवेट मूळचे वरच्या डोंगरांतले, शिशाच्या खाणीतले. शिसं संपलं तसा अँब्रोजचा पणजा बायको, तीन लेकरं आणि एक शिवणाचं टेबल घेऊन दोन दिवस चालत हॅगरलॉला आला. टेबल का आणलं ते कुणालाच कळलं नाही, कारण पणजीला शिवण येत नव्हतं. आजा राल्फ याच गावात वाढला. त्याने चाळीस वर्षं कोळसा तोडला आणि मरेपर्यंत पाठ धुतली नाही, कारण पाठ धुतली की कणा मऊ पडतो यावर त्याचा ठाम विश्वास होता. त्याचा मुलगा जोसाया, म्हणजे अँब्रोजचा बाप. तो बँडमध्ये थोरलं पितळी वाद्य वाजवायचा, मोठ्याने हसायचा आणि बायकोच्या म्हणण्याप्रमाणे जरा जास्तच लोकांत मिसळायचा. रांगेतल्या चौदा नंबरच्या घरात त्याने सेलिनाला अठराव्या वर्षी लग्न करून आणलं.

१९२४ सालच्या जुलैमध्ये एका दुपारी सेलिना अंगणात सतरंजी झोडत होती, तेव्हा तिला बुटांचा आवाज आला. पाळी सुटायला अजून वेळ होता. अवेळी बूट वाजले की हॅगरलॉतल्या बाईला वेगळं काही सांगावं लागत नसे. खाली माणूस दगावला की सगळी पाळी काम टाकून वर यायची आणि एकत्र चालत घरी जायची, अशी रीत होती. बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. बूट एकेक दार मागे टाकत आले आणि नऊ नंबरपुढे, कोट्सवर्थांच्या दारात थांबले. पुरुषांनी टोप्या काढल्या. टॉट कोट्सवर्थची म्हातारी आई ओट्यावरच बसली. आणि तेवढ्यात घरामागून टॉट स्वतः, धडधाकट, चालत आला.

सगळे त्याच्याकडे बघत राहिले. छत कोसळलं ती जागा टॉटच्या नावाची होती. दगडांखाली कोण आहे ते अजून दिसलं नव्हतं, फक्त जागेचा आकडा दिसला होता. मग चिटणिसाला आठवलं की तीन दिवसांपूर्वी यादीत एक खाडाखोड झाली होती. माणसांनी टोप्या पुन्हा घातल्या, पाच घरं चालून पुढे आले आणि चौदा नंबरपुढे पुन्हा काढल्या.

जोसायाची जागा ओली होती, टॉटची कोरडी. दोघांनी बदलून घेतली. ओल्या जागेला कंटाळून जोसायाने कोरडी मागितली असणार, असं जो तो धरून चालला. चार वर्षांनी अँब्रोज पहिल्यांदा खाणीत जायला निघाला, त्या सकाळी सेलिनाने त्याच्या डब्यात जॅम लावलेला पाव भरता भरता सांगितलं, "तुझा बाप कोरड्या जागेच्या लोभानं गेला. तू आलेली चिठ्ठी कधी बदलू नकोस. कुणी पाया पडलं तरी नाही." तिने शपथ वगैरे घातली नाही. तिच्या घरात एकदा सांगितलेलं पुरायचं.

अँब्रोज त्या शब्दाबाहेर गेला नाही. पण त्याचं एक वाईट झालं. बापाच्या आठवणीला हात लावायची त्याला भीती वाटू लागली. ते मोठ्याने हसणं, ते पितळी वाद्य, खांद्यावर बसवून जत्रेत नेणं, हे सगळं त्याला आठवे आणि त्याच्यामागून तो एक शब्द येई, लोभ. मग तो दुसरं काहीतरी आठवायला घेई.

पुढे कोळसा कापणारी यंत्रं आली आणि चिठ्ठ्या बंद झाल्या. टोप्या युनियनच्या कपाटात गेल्या. अँब्रोजचं मूरिएलशी लग्न झालं, एक मुलगी झाली, ती लग्न होऊन कॅनडाला गेली. वर्षं गेली ती कशी गेली हे सांगता येत नाही, पण आता मागे वळून पाहिलं की ती फार भरलेली दिसतात. महिन्याला प्रत्येक दारापुढे रस्त्यावर ओतलेला कोळशाचा ढीग आणि तो आत ओढताना होणारी शेजाऱ्यांची टिंगल. सप्टेंबरातलं भाज्यांचं प्रदर्शन, ज्यात मनगटाएवढ्या लीक नावाच्या कांदापातीसाठी सख्खे भाऊ वर्षभर अबोला धरत. जुलैत बँडमागून डरहॅम शहरात मिरवत जाणारा युनियनचा रेशमी झेंडा, आणि त्या वर्षी कुणी खाणीत दगावला असेल तर त्याच्यावरची काळी पट्टी. चोवीस सालच्या मिरवणुकीत त्या पट्टीखालून चालताना अँब्रोजला झेंड्यावरचं चित्र दिसलंच नव्हतं. त्याला फक्त समोरच्या माणसाचा कोट दिसला होता.

मग १९६६ साली खाण बंद करायचं ठरलं. कोळसा उरला नव्हता असं नाही, पण उरलेला काढणं परवडत नव्हतं, असं सरकारी कोळसा बोर्डाच्या माणसाने खाणकऱ्यांच्या क्लबात येऊन सांगितलं. तो सभ्य होता, चहा प्याला आणि गेला. कोळसा तोडणारे शेवटचे चव्वेचाळीस जण उरले होते. शेजारच्या ब्रॅकन्साइड खाणीत एकोणीस जागा होत्या. बाकीच्यांनी दीडशे मैल दक्षिणेला नॉटिंगहॅमशायरमध्ये जायचं. तिथे नव्या खाणी होत्या, नवी घरं होती, घरात न्हाणीघर होतं. कुणी राहायचं आणि कुणी जायचं हे युनियननेच ठरवावं, असं बोर्डाने सांगितलं.

चिटणीस एनॉक स्टोबार्टने फार विचार केला नाही. त्याने कपाटातून दोन्ही टोप्या काढल्या आणि झटकल्या. बारा वर्षांनी हॅगरलॉत पुन्हा सळया उलट्या टांगल्या गेल्या. ज्या घरांत सळई नव्हती, गॅस आला होता, त्या घरांतल्या बायका शेजारी जाऊन सळई मागून आल्या.

अँब्रोजला इथेच राहायचं होतं. त्याला याआधी टोपीकडून कधी काही हवं झालं नव्हतं. प्रश्न त्याचा नव्हता, सेलिनाचा होता. ती शहात्तर वर्षांची होती, अठ्ठावन्न वर्षं चौदा नंबरमध्ये राहिली होती आणि तिने सरळ सांगून टाकलं होतं की ती या घरातून आडवी जाईल, उभी नाही. अँब्रोज दक्षिणेला गेला तर म्हातारी एकटी राहणार. दीडशे मैल म्हणजे वर्षातून दोन भेटी. अशा किती भेटी उरल्या असतील याचा विचार तो करत नव्हता, म्हणजे सारखा करत होता.

एनॉकने नाव वाचलं, मग दुसऱ्या टोपीतली चिठ्ठी वाचली. "गार्थवेट. नॉटिंगहॅमशायर." अदलाबदल शनिवारी दुपारी बारापर्यंत, असं एनॉकने सगळ्यांना सांगितलं आणि ते सांगताना अँब्रोजकडे बघायचं टाळलं.

गुरुवारी संध्याकाळी चहाच्या वेळेला लान्स पॅलिस्टर चौदा नंबरमध्ये आला. पंचविशीतला मुलगा. त्याचा बाप अँब्रोजचा जुना सोबती, त्यामुळे तो लहानपणापासून या घरात काका-काकू करत वाढला होता. त्याला ब्रॅकन्साइड आलं होतं आणि त्याला ते नको होतं. त्याचं जिच्याशी ठरलं होतं त्या मुलीचे आईबाप आधीच नॉटिंगहॅमशायरला गेले होते, मुलगीही गेली होती. हा इथे राहून काय करणार? तो अगदी आनंदात आला होता. त्याच्या मते प्रश्न दोन्हीकडून सुटला होता.

"काका, मी तुमच्यावर उपकार करत नाहीये," तो म्हणाला. "तुम्हीच माझ्यावर कराल."

मूरिएलने किटली खाली ठेवली. सेलिना खिडकीशी बसून मोजा रफू करत होती. तिची सुई थांबली नाही. अँब्रोजने आईकडे पाहिलं. तिने पाहिलं नाही.

"नाही रे पोरा," अँब्रोज म्हणाला. "आमच्यात बदलत नाहीत."

लान्सला आधी वाटलं काका चेष्टा करतायत. मग त्याचे कान लाल झाले. चहा अर्धा टाकून तो उठला, दोघी बायकांना नमस्कारासाठी टोपीला हात लावला आणि गेला. मूरिएल त्या संध्याकाळी एकच वाक्य बोलली, तेही भांडी आपटून झाल्यावर. ती म्हणाली, बेचाळीस वर्षांपूर्वी पडलेला दगड या घरात अजून पडतोच आहे. अँब्रोजलाही तेच वाटत होतं. पण आईचा शब्द तोंडासमोर मोडायची हिंमत त्याला बावन्नाव्या वर्षीही नव्हती, आणि आईला विचारायची तर त्याहून नव्हती. तिने स्वतः म्हणावं म्हणून तो शुक्रवारभर घरात घुटमळला. ती काही म्हणाली नाही.

शनिवारी सकाळी तो मळ्यात गेला. रांगेमागे प्रत्येकाचा भाजीचा तुकडा होता. आता खणून काय लावायचं, म्हणून तो नुसता पालथ्या बादलीवर बसून होता. दहाच्या सुमाराला टॉट कोट्सवर्थ काठी टेकत आला. सत्तर वर्षांचा, छातीत कोळशाची धूळ भरलेला. नऊ नंबरपासून इथवर येताना तो चार वेळा थांबला होता. बायको त्याने कधी केली नाही. दर नाताळला तो चौदा नंबरच्या दारात एक बदक ठेवून जायचा आणि आत न येता परत फिरायचा.

"पॅलिस्टरच्या पोरानं विचारलं म्हणे तुला," टॉट म्हणाला. दम लागला म्हणून थोडा थांबला. "आणि तू नाही म्हणालास. बापामुळे."

"गावाला माहीत आहे."

"गावाला माहीत नाही. मला माहीत आहे." टॉटने काठी दोन्ही हातांत धरली. "तुझ्या बापानं माझी जागा मागितली नव्हती, अँब्रोज. मी त्याची मागितली."

अँब्रोजला वाटलं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. पाण्यातली जागा कोण मागेल?

टॉट सांगत गेला, आणि मध्ये थांबू नये म्हणून जमिनीकडे बघून सांगत गेला. ओल्या जागेची पाळी एक तास लहान असायची. सगळे सात तास, पाण्यातला सहा. टॉटकडे तेव्हा कबुतरं होती, सोळा, त्यांतली नऊ त्या वर्षीची नवी. जुलै महिना, शर्यतीसाठी पिल्लं तयार करायची, त्यांना रोज दुपारी उडवायचं. एक तास आधी वर आलं तर बरं पडेल, असं तो जोसायाला म्हणाला. जोसायालाही तो तास हवा होता, बँडच्या तालमीसाठी. पण तो हसला आणि म्हणाला, घेऊन टाक, माझं वाद्य काही उडून जात नाही.

"कबुतरांसाठी," अँब्रोज म्हणाला.

"कबुतरांसाठी. पाळी नऊ नंबरपुढे थांबली तेव्हा मी मागे होतो. बाहेर आलो तर माझ्या हातात एक पिल्लू होतं. सगळ्यांनी टोप्या काढलेल्या आणि मी पिल्लू धरून उभा. आठवड्याच्या आत सगळी विकली."

अँब्रोज उठून उभा राहिला. त्याच्या मुठी वळल्या होत्या आणि समोर सत्तर वर्षांचा धापा टाकणारा म्हातारा होता. त्याने विचारलं की बेचाळीस वर्षं तोंडात काय धरलं होतं. टॉट म्हणाला, तो तीन वेळा सांगायला आला होता. तिन्ही वेळा सेलिनाने दार उघडलं, त्याला खुर्ची दिली, चहा दिला, आणि त्याला तो चहा पिऊन परत जावं लागलं. मग कुणीतरी त्याला सांगितलं की सेलिनाच म्हणते, जोसाया कोरड्या जागेसाठी गेला. त्यावर टॉट गप्प बसला.

"मला ते सोपं पडलं," तो म्हणाला. "दुसरं काही कारण नाही. सोपं पडलं."

अँब्रोज त्याला तिथेच सोडून घरी आला. सेलिना टेबलावर पीठ मळत होती, हेच ते पणजीचं टेबल. आईला हे ऐकून काय होईल याची त्याला धास्ती वाटत होती. चाळीस वर्षं जिने नवऱ्याला लोभी धरलं तिला आता हे सांगायचं. त्याने तिला आधी खुर्चीवर बसायला सांगितलं. ती बसली नाही. मग त्याने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, कबुतरांसकट.

सेलिनाचे हात पिठात तसेच राहिले.

"बेचाळीस वर्षं लावली मेल्यानं," ती म्हणाली.

अँब्रोजला कळेना. मग कळलं, आणि कळल्यावर त्यालाच खुर्चीवर बसावं लागलं.

"मला जोसायानंच सांगितलं होतं," सेलिना म्हणाली. "आदल्या दिवशी, जेवताना. मी चिडले. म्हटलं, पोराला तू दिसत नाहीस आणि टॉटच्या पाखरांना तास वाटतोस? तर म्हणाला, अगं, किती खूश झाला तो, बघायला हवं होतंस."

"मग मला का सांगितलं लोभानं गेला म्हणून?"

"तू त्याच्यासारखाच होतास. शाळेतून यायचास तो जेवणाचा डबा वाटून, उपाशी. कुणी म्हणालं आणि तू दिलं नाहीस असं झालंच नाही. तुला जर सांगितलं असतं की बाप चांगुलपणानं मेला, तर तुला त्याचा अभिमान वाटला असता. मग तूही पहिल्याच वर्षी कुणाला तरी जागा देऊन बसला असतास." तिने बोटांचं पीठ काढायला सुरुवात केली, एकेका बोटाचं. "लोभाची लाज वाटली तर पोरगं जपून राहील असं मला वाटलं. मेलेल्याची अब्रू गेली, पण तू राहिलास. रोज सकाळी शेगडी पेटवताना मी त्याची माफी मागते."

अँब्रोजला राग यायला हवा होता. तो आला नाही. त्याला फक्त ते मोठ्याने हसणं ऐकू आलं, आणि या खेपेला त्याच्यामागून काही आलं नाही.

"परवा लान्स आला तेव्हा का बोलली नाहीस?" त्याने विचारलं.

"तू म्हणशील हो, असं वाटलं होतं. वाटलं, आता खाण मेली, दगड मेले, आता तरी हा माझं ऐकणार नाही." ती पहिल्यांदा त्याच्याकडे बघून बोलली. "तू ऐकलंस. मग मला तोंड उघडायची लाज वाटली. साडेअकरा वाजलेत. जा, बदलून घे."

बावन्नाव्या वर्षी कुणी रांगेतून पळत जात नाही. अँब्रोज पळाला. बायका दारात आल्या, कारण धावणारे बूटही अवेळीच वाजत होते. क्लबात एनॉक यादी लखोट्यात घालत होता. अँब्रोज म्हणाला, "मला बदलायचंय. लान्सबरोबर." एनॉकने चष्मा काढला. त्याने इतकंच सांगितलं की लान्सने शुक्रवारी सकाळीच टुलिप आडनावाच्या एका मुलाबरोबर बदलून घेतलं. आणखी कुणी तयार आहे का हे दोघांनी मिळून बारा वाजेपर्यंत पाहिलं. ब्रॅकन्साइड सोडून ज्यांना दक्षिणेला जायचं होतं त्यांनी कधीच बदलून घेतलं होतं. मागून लान्सही आला. त्याला कुणीतरी सांगितलं होतं. तो रडवेला झाला होता. म्हणाला, काका, दुसऱ्या कुणी नाही म्हटलं असतं तर मी तीनदा विचारलं असतं. तुम्हाला कसं विचारणार? तुम्ही बदलत नाही हे तर सगळ्यांना माहीत आहे.

अँब्रोजने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मुलाची काही चूक नव्हती. तो चालत घरी आला, सावकाश, दारातल्या बायकांना मान डोलावत.

सेलिनाने त्याचा चेहरा पाहिला. पाव भट्टीत गेला होता. ती टेबलाशी बसली, दोन्ही तळवे लाकडावर ठेवून. मग म्हणाली, "हे टेबल त्या न्हाणीघरवाल्या घरात मावेल का, ते विचार."

"आई, तू म्हणाली होतीस…"

"मी पुष्कळ काय काय म्हणाले आहे," सेलिना म्हणाली. मूरिएलने वळून चुलीकडे तोंड केलं, कारण तिला रडू फुटलं होतं आणि सासूसमोर रडायची तिला सवय नव्हती.

सप्टेंबरात ते निघाले. निघायच्या दिवशी सेलिना नऊ नंबरच्या दारात गेली. हातात पाव होता. टॉटने दार उघडलं आणि तो काही बोलायच्या आतच तिने सांगितलं की मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि तू सांगशील म्हणून मी वाट बघत होते. टॉट दाराला धरून उभा राहिला. "दोन-चार कबुतरं पाळ आता," ती म्हणाली. "घर फार गप्प असतं तुझं." मग ती ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसली आणि गाव संपेपर्यंत तिने मागे पाहिलं नाही. अँब्रोज मात्र बघत होता. चाक फिरवणारा खाणीवरचा मनोरा, चॅपल, मळे, रांगांची धुराडी. चार पिढ्यांच्या टिकावांनी जे पोखरलं होतं ते सगळं खाली होतं आणि वरून काहीच दिसत नव्हतं.

नॉटिंगहॅमशायरच्या नव्या वस्तीत सगळेच उपरे. कुणी स्कॉटलंडहून आलेले, कुणी वेल्सहून. एकाचं बोलणं दुसऱ्याला कळत नसे. शेजारी गिलेस्पीबाई होत्या, लॅनार्कच्या खाणींतून आलेल्या, विधवा, सेलिनाच्याच वयाच्या. पंधरा दिवसांत दोघी मागच्या कुंपणाशी उभ्या राहून बोलू लागल्या. इथे सेलिनाला कुणी ओळखत नव्हतं, जोसायाला तर नाहीच.

एका दुपारी अँब्रोज पाळीवरून आला. मागचं दार अर्धं उघडं होतं. बाहेर गिलेस्पीबाई विचारत होत्या, तुमचे मालक कशाने गेले?

"खाणीत," सेलिना म्हणाली. "चोवीस साली. एका पोराला कबुतरं उडवायला एक तास हवा होता, म्हणून यानं आपली चिठ्ठी त्याला देऊन टाकली."

"कबुतरांसाठी?"

"हो ना. असाच होता. कुणाला नाही म्हणणं त्याला जमायचंच नाही. आणि हसायचा कसा, तुमच्या घरापर्यंत ऐकू आलं असतं." ती स्वतःही हसली. "फार चांगला माणूस होता हो माझा नवरा."

अँब्रोज एक बूट काढून, एक पायात ठेवून, स्वयंपाकघरात उभा राहिला. मूरिएलने त्याला बसायला खुणावलं, चहा तयार होता. त्याने हातानेच तिला थांबवलं. बाहेर त्याची आई आता त्या पितळी वाद्याबद्दल सांगत होती, आणि त्याला त्यातला एकही शब्द चुकवायचा नव्हता.